भागीरथीबाई, हाजिर हो

“नाव जपून घ्या, मुन्शीजी. नावं झिजतात.”

हे म्हणताना ते उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घाशीत. जणू त्या दोन बोटांत एखादे जुने नाणे आहे आणि त्यावरचा छाप अजून बोटाला लागतो की नाही, हे ते पाहत आहेत. मी मुन्शी नसून अर्जनवीस आहे आणि या दोहोंत अंतर आहे, हे मी त्यांना अनेक वर्षे समजावून सांगितले. ते मान डोलावीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा मुन्शीजी.

ग्वाल्हेरातील एका कचेरीत ते शिपाई होते. कोणत्या, ते लिहिण्याचे कारण नाही. शहरात अशा कचेऱ्या पुष्कळ आहेत आणि माझे टेबल त्यांपैकी एकीच्या फाटकाशी, इंदरगंजच्या बाजूला, आजही मांडलेले असते. त्यांचे काम पुकारा करण्याचे. आत साहेबांनी प्रकरण हाती घेतले की यांनी दारात येऊन पक्षकाराचे नाव तीन वेळा पुकारायचे. तिसऱ्या हाकेपर्यंत जो आत पोहोचला तो हजर. जो पोहोचला नाही तो गैरहजर, आणि गैरहजर अर्जदाराचे प्रकरण खारीज. तेव्हा वाचकहो, हे काम दिसते तितके लहान नव्हे. माझ्या अर्जातील शब्द बदलण्याची पाळी आजवर कोणा अधिकाऱ्यावर आलेली नाही. परंतु असा अर्जसुद्धा त्यांच्या हाकेवाचून फाइलीतच पडून राहिला असता.

सर्व लोक त्यांना भाऊ म्हणत. पुकाऱ्यापूर्वी भाऊ डोक्यावरची टोपी सारखी करीत, चौकटीला हात लावीत आणि डोळे मिटून पहिली हाक देत. ती हाक कडुनिंबाखाली बसलेल्या लोकांवरून चहाच्या टपरीपर्यंत आणि टपरीवरून रस्त्यापर्यंत जाई. चौकातल्या टेम्पोंचे भोंगे तिला कधी अडवू शकले नाहीत. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून आले होते, आणि तिथेही कोणीतरी ललकारीच देत असणार, असा माझा तर्क आहे.

प्रत्येक नावाविषयी त्यांचे काही मत असे. शांतीबाई नावाच्या एका बाईने आपल्या जावेचे केस कचेरीच्या आवारात उपटले, तेव्हा भाऊ मला म्हणाले, “नाव ठेवणाऱ्याची काही गलती नाही, मुन्शीजी. त्याने उमेद केली होती.” दयाराम नावाच्या सावकाराला पुकारताना ते ‘दया’वर किंचित थांबत आणि मग ‘राम’ म्हणत. त्या थांबण्यात काय असे, ते आम्हा दोघांनाच कळे.

असा हा माणूस एक नाव मात्र कधीच घेत नसे. हे माझ्या ध्यानात यायला वेळ लागला, कारण ते नाव त्यांच्या बोलण्यातून इतक्या सफाईने बाजूला काढलेले असे की त्याची जागाही दिसू नये. एखाद्या लांबलेल्या प्रकरणाचा निकाल लागला की आपण म्हणतो, गंगेत घोडे न्हाले. भाऊ म्हणत, “चला, नदीत घोडं न्हालं.” देवाजवळच्या तांब्यातील गंगाजळ त्यांच्या तोंडी ‘काशीचं पाणी’ असे. साहेबांचा मिजाज बिघडला असला की ते मला दारातून खुणावीत, “आज नदी उलटी वाहते आहे, ध्यान ठेवा.”

टपरीवर एक तरुण वकील त्यांची नेहमी थट्टा करी.

“भाऊ, हरिद्वार हो आए? कौन-सी नदी में नहाए?”

“वही, जो सबके पाप धोती है।”

“नाम भी तो होगा उसका?”

“नाम आप लीजिए, वकील साहब। आपकी कौन-सी घरवाली है।”

टपरी हसली. वकीलही हसला. मी मात्र घरी गेल्यावर पत्नीस विचारले. आम्ही आणि भाऊ शिंदे की छावनीत एकाच गल्लीत राहत असू.

“तुम्हाला माहीत नाही?” ती म्हणाली. “वहिनींचं नाव गंगा आहे. हळदीकुंकवाला सांगतात त्या कधी कधी. म्हणतात, माझं नाव आमच्या घरात फक्त रेशनकार्डाला माहीत आहे.”

बायकोचे नाव नवऱ्याने उच्चारू नये, असे आपल्या जुन्या शास्त्रात सांगितले आहे, आणि पूर्वी पुष्कळ घरांतून ते पाळले जाई. परंतु वाचकहो, हे नाव पाळायला किती अवघड, याचा विचार करा. कोणाची बायको प्रमिला असती तर प्रमिला एवढा एकच शब्द टाळून भागले असते. येथे नदी आली, देव्हाऱ्यातला सीलबंद गडू आला, साक्षीदाराची शपथ आली, मरणाऱ्याच्या तोंडात घालायचे दोन थेंब आले, गंगाराम, गंगाधर, गंगाप्रसाद आले, घोडे आले. पुन्हा आपल्या गावात भाषा दोन. मराठीत टाळले तरी हिंदीत ‘बहती गंगा’ समोर येऊन उभी राहतेच. एका बाईचे नाव वाचवण्यासाठी त्यांना दोन्ही भाषांत वळसे घालून चालावे लागे. घरी वहिनींना हाक मारायची झाली की हा तीन हाकांचा धनी फाटकाशी उभा राहून नुसता खोकत असे.

एकदा वकिलांचा संप होता. आवार रिकामे होते. तेव्हा माझ्या टेबलाशी बसून भाऊंनी स्वतःहून कारण सांगितले. त्यांचे पहिले लग्न अगदी तरुणपणी झाले होते. त्या बायकोच्या नावाची त्यांना हौस होती. गल्लीच्या तोंडापासून तिला हाक मारीत यायचे. पाणी दे, टॉवेल दे, बघ कोण आलंय, प्रत्येक वाक्याच्या आधी तिचे नाव. वर्ष भरले नाही आणि ती तापाने गेली. दिवसकार्य झाल्यावर आई त्यांना म्हणाली, “दिवसभर तिच्या नावाचा धोशा लावला होतास. झिजवलंस तिचं नाव.”

“आई रागात बोलली असेल, भाऊ,” मी म्हणालो.

“रागात नाही. एकदम शांत बोलली. तांदूळ निवडत होती.”

दुसऱ्या लग्नात आईनेच सुनेचे नाव गंगा ठेवले. ताटात तांदूळ पसरून भाऊंनी ते अंगठीने लिहिले, पण उच्चारले नाही. दारात बहिणींनी नाव घ्यायला अडवले, तेव्हा ते इतका वेळ गप्प राहिले की शेवटी आई पुढे होऊन म्हणाली, “सोडा त्याला. राहू दे.” तेव्हापासून ते तसेच राहिले होते.

कचेरीत या नावाचे पक्षकार आले तर? भाऊंनी त्यालाही वाट काढली होती. बाई असेल तर ‘फलाने की बेवा’ किंवा ‘फलाने की पत्नी हाजिर हो’; आमच्या भागात बायकांना असेच पुकारण्याची रीत असल्यामुळे कोणी हरकत घेतली नाही. गंगारामाला ते ‘रामजी, वल्द हरिचरण’ म्हणत. एका गंगाधराला त्यांनी शंकरलाल म्हणून पुकारले आणि तो मुकाट्याने आत गेला, कारण त्याला घरी शंकरच म्हणत! असे दैव त्यांना बरीच वर्षे पुरले.

मग नव्या मॅडम बदलून आल्या. तरुण, टापटिपीच्या, वेळेच्या पक्क्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी भाऊंना आत बोलावून सांगितले, “ये ‘फलाने की बेवा, फलाने की जोरू’ मेरे यहाँ नहीं चलेगा। औरत का अपना नाम है, काग़ज़ पर लिखा है। वही पुकारिए।”

हा हुकूम योग्य होता. मी स्वतः त्या दिवशी टेबलाशी बसून त्याची वाखाणणी केली. भाऊ मात्र दिवसभर अंगठा तर्जनीवर घाशीत होते.

पुढे जे घडले त्या दिवशी मी साल्याच्या मुलीच्या लग्नासाठी झाशीस गेलो होतो. टपरीवाल्याने सांगितले ते लिहितो. भितरवारकडच्या खेड्यातील एका विधवेचे प्रकरण लागले होते. नवऱ्याच्या शेतावर आता तिचे नाव चढायचे होते आणि दिराने हरकत घेतली होती. तिचे नाव गंगाबाई. भाऊ दारात आले. टोपी सारखी केली. चौकटीला हात लावला. बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले आणि मग त्यांनी हाक दिली:

“भागीरथीबाई, हाजिर हो!”

तीन वेळा. हाक नेहमीसारखीच रस्त्यापर्यंत गेली. गंगाबाई कडुनिंबाखाली गाठोडे मांडीवर घेऊन बसली होती. तिने तिन्ही हाका ऐकल्या आणि कोणी भागीरथी उठते का म्हणून इकडेतिकडे पाहिले. आत दिराचा वकील उभा राहिला. प्रकरण खारीज झाले.

संध्याकाळी भाऊ दाराला कडी घालीत होते, तेव्हा ती पायरीशी आली.

“भैया, हमाओ नाम कब आएगो?”

भाऊंनी घातलेली कडी पुन्हा एकदा ओढून पाहिली. आपण नाव सांगितले नाही म्हणून यांना कळत नसेल, असे वाटून ती म्हणाली, “गंगाबाई नाम है हमाओ।”

“मालूम है, बाई,” भाऊ म्हणाले, आणि पायरीवर तिच्या शेजारी खाली बसले.

मी परतलो त्या सकाळी कचेरी उघडण्यापूर्वीच भाऊ माझ्या टेबलापुढे एखाद्या पक्षकारासारखे उभे होते.

“मुन्शीजी, अर्ज लिहा. त्या बाईंकडून. प्रकरण परत लावायचं.”

“गैरहजेरीचं कारण काय घालू? बस चुकली म्हणून घालतो. नेहमी चालतं.”

“बस कुठे चुकली होती? सकाळपासून बसल्या होत्या.”

“मग तब्येत?”

“तबियत चांगली होती. नाव पुकारलं नाही, असं लिहा.”

मी लेखणी खाली ठेवली. त्यांच्या निवृत्तीला थोडाच काळ उरला होता आणि घरी वहिनींना छातीचे दुखणे जडले होते. असा अर्ज दाखल होताच पहिला प्रश्न त्यांनाच विचारला जाणार, आणि त्याच्या उत्तरात नोकरी जाऊ शकते, हे मी त्यांस स्पष्ट शब्दांत सांगितले.

“ते मला समजतं,” ते म्हणाले. “तुम्ही लिहा.”

मी लिहिले. अर्ज सुनावणीस आला तेव्हा मी दारातच उभा होतो. दिराचा वकील म्हणाला, “मैडम, तीन बार आवाज़ लगी है। पूरे अहाते ने सुनी है।”

मॅडमनी भाऊंकडे पाहिले.

“लगी थी, मैडम,” भाऊ म्हणाले. “भागीरथी नाम से लगी थी।”

“भागीरथी कौन?”

“यही बाई।”

“इनका नाम तो गंगाबाई है।”

“जी। नदी तो वही है।”

मागे हशा झाला. मॅडम हसल्या नाहीत. असे का केले, म्हणून त्यांनी विचारले.

“मेरे घर में उसी नाम की हैं, मैडम। मैं लेता नहीं।”

“तो घर बैठो भाई,” वकील म्हणाला, “यहाँ सरकारी काम है।”

मॅडमनी हात वर करून त्याला थांबवले. त्यांनी प्रकरण पुन्हा लावून घेतले, तारीख दिली आणि भाऊंना म्हणाल्या, “उस दिन आवाज़ आप ही लगाएँगे, इन्हीं के नाम से। नहीं लगा सकते तो बता दीजिए, दरवाज़े पर दूसरा आदमी खड़ा होगा और मुझे ऊपर लिखना पड़ेगा।”

ती तारीख आणि वहिनींच्या ऑपरेशनचा दिवस एकाच आठवड्यात आले. डॉक्टरांनी धोका आहे असे सांगितले होते. तारखेच्या आदल्या संध्याकाळी मी व माझी पत्नी त्यांच्या घरी गेलो. वहिनी उशांना टेकून बसल्या होत्या. भाऊ दाराशी स्टुलावर होते.

“तुम्हीच सांगा यांना, भाऊजी,” वहिनी मला म्हणाल्या. “त्या बाईचं शेत जाईल, आणि हे इथे माझं आयुष्य मोजत बसलेत.”

“ऑपरेशन होऊ दे,” भाऊ म्हणाले. “मग घेईन.”

“तोवर तारीख थांबते का? तुम्हीच तर म्हणता, तारीख राजासाठीसुद्धा थांबत नाही.”

भाऊंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“अख्ख्या जिल्ह्याची नावं घेतलीत,” वहिनी म्हणाल्या. “चोरांची घेतलीत, दारुड्यांची घेतलीत. मी डबा घेऊन यायची तेव्हा फाटकाशी उभी राहून ऐकायची, आज कोणाकोणाची घेतात. एकदा मला माझं ऐकू द्या. ऑपरेशनच्या आधीच. नंतरचं काय माहीत.”

“आणि काही झालं म्हणजे?”

“झालं तर ऐकून तर जाईन!”

भाऊ उठले, मोरीत गेले आणि उगाचच पाय धुऊन आले. त्यांचे पाय स्वच्छच होते.

दुसऱ्या दिवशी वहिनी माझ्या पत्नीबरोबर ई-रिक्शातून आल्या. व्हरांड्यातल्या बाकावर त्या विधवेशेजारी जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, “आप गंगाबाई? मैं भी।” ती दात नसलेल्या तोंडाने हसली. दोघी मग एकमेकींना आपली दुखणी सांगत बसल्या.

प्रकरण आले. भाऊ दारात आले. टोपी, चौकट, सर्व नेहमीप्रमाणे. फक्त डोळे मिटले नाहीत. बाकाकडे पाहत राहिले. पहिली हाक इतकी दबकी निघाली की आतून बाबू ओरडला, “ज़ोर से!” पण ज्या बाईसाठी ती होती तिने ती ऐकली होती. ती गाठोडे सावरीत उठली. दुसरी हाक झाली तेव्हा ती उंबऱ्यात होती. ही हाक त्यांची खरी हाक होती. टपरीवरच्या लोकांनी माना वळवल्या.

“अरे, आ तो गईं!” आतून दिराचा वकील म्हणाला. “अब किसको बुला रहे हो?”

भाऊंनी त्याच्याकडे लक्ष दिले नाही. तिसरी हाक नियमाप्रमाणे अनावश्यक होती. ती त्यांनी दिली.

“गंगाबाई, हाजिर हो!”

बाकावर वहिनी पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. माझी पत्नी त्यांच्या शेजारीच होती म्हणून तिला ऐकू आले. त्या अगदी हळू म्हणाल्या, “ओ.”

त्या विधवेचे नाव पुढे शेतावर चढले. वहिनींचे ऑपरेशन पार पडले. मी दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा भाऊ जिन्यात उभे होते. म्हणाले, “तीनदा घेतलं, मुन्शीजी. तेवढं चाललं, वाटतं.” त्यानंतर त्यांनी ते नाव पुन्हा घेतल्याचे कोणी ऐकले नाही. फाटकाशी ते पूर्वीप्रमाणेच खोकत. मॅडमनी वर काही लिहिले नाही आणि भाऊ आपल्या वेळेवर निवृत्त झाले.

गेल्याच्या गेल्या थंडीत भाऊ वारले. कचेरीत आता लाऊडस्पीकर बसवला आहे. त्यातून एका बाईचा ध्वनिमुद्रित आवाज नावे पुकारतो. स्पष्ट असतो, चुकत नाही. दयारामाचे नावही ती न थांबता घेते.

वहिनी बाड्याच्या बाजारातून भाजी घेऊन येताना कधी कधी माझ्या टेबलाशी टेकतात. हे लिहायला घेतले तेव्हा मी त्यांची परवानगी मागितली. लेखी बाबतीत मी परवानगीवाचून काही करीत नाही.

“लिहा की. माझं नाव घाला खुशाल,” त्या म्हणाल्या. “कोरंच आहे. तीनदाच तर वापरलंय.”

“आणि भाऊंचं?”

“ते नको.”

“भाऊ आता नाहीत, वहिनी. त्यांना काय होणार आहे?”

त्यांनी पिशवी उचलली. मग पुन्हा खाली ठेवली. उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर फिरत होता.

“ते नाहीत,” त्या म्हणाल्या. “नाव आहे ना.”